पिवळ्याला मराठी कळतं

तीर्थरूप आत्या,

पत्राच्या डोक्यावर साष्टांग नमस्कार लिहायचा असतो, तो आपण सगळेच न वाकता लिहून टाकतो. आजचा मात्र मी खरोखर घातला आणि मग खुर्चीत बसले. माझ्या खोलीत राहणारी मुलगी बघत होती. माझं काही हरवलंय असं वाटून तीही पलंगाखाली शोधायला लागली. तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना? काकांचा खोकला थांबला का, की ते अजून "आता बरा आहे" असं म्हणत खोकतात? माझी तब्येत अगदी उत्तम आहे आणि त्याचीही मला लाज वाटते आहे. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर एव्हाना निदान ताप तरी आला असता.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू "हं, मग?" म्हणतेस आणि माझं धैर्य त्या "मग"पाशीच संपतं. शिवाय फोनवर मी दर वेळी "सगळं छान चाललंय" असं सांगत आले आहे. ज्या तोंडाने ते सांगितलं त्याच तोंडाने हे सांगवत नाही, म्हणून हाताला कामाला लावलं आहे. पानांचे फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवते, बोटांनी मोठं करून वाच. (कोपऱ्यात माझा अंगठा आला असेल तर माफ कर.) वाचताना बसून वाच, कुकर उतरवून झाल्यावर वाच आणि बाबांच्या आधी वाच.

बाबांवरून आठवलं, आधी एक दुरुस्ती करते. त्यांनी बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगितलंय की मी परदेशात वाघ वाचवते आहे. मी त्यांना पक्षी असं सांगितलं होतं. पण वन्यजीव म्हटलं की त्यांना वाघच दिसतो, आणि वरच्या मजल्यावरचे काका इतके प्रभावित झाले की नंतर बाबांना माघार घेववेना. इथे वाघ नाही. मांजरसुद्धा नाही, मांजराला फाटकाच्या आत बंदी आहे. इथे उंच पायांच्या राखाडी पाणपक्ष्यांची पिल्लं वाढवतात. दलदली आटत गेल्या, घरटी उघड्यावर पडली आणि हे पक्षी फार थोडे उरले. म्हणून अंडी यंत्रात उबवायची, पिल्लं मोठी करायची आणि पंखांत बळ आलं की रानात सोडून द्यायची, असं हे काम आहे. त्यात एक मेख आहे. पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर ज्याला बघेल, ज्याचा आवाज ऐकेल, त्यालाच आई समजतं. माणसाला आई समजलं तर ते जन्मभर माणसाच्या मागे येतं, आणि माणसाच्या मागे येणारा रानपक्षी फार जगत नाही. कुणी दगड मारतं, कुणी अंगावर कुत्रं सोडतं, कुणी पोत्यात घालून घरी नेतं.

म्हणून आम्ही सगळे आपण माणूस नसल्याचं सोंग करतो. डोक्यापासून पोटरीपर्यंत राखाडी झगा, तोंडापुढे जाळी आणि उजव्या हातात पक्ष्याच्या डोक्याचं एक बाहुलं. बाहुल्याच्या चोचीत मासा धरायचा आणि पिल्लापुढे न्यायचा. (पहिल्या दिवशी आरशात पाहिलं तेव्हा गादीची खोळ चालायला लागल्यासारखं वाटलं.) आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे झग्यात असताना तोंडातून आवाज काढायचा नाही. बोलायचं नाही, हसायचं नाही, खोकायचं नाही. इथल्या मुख्य बाई कुंपणाजवळ आल्या की त्यांचं बोट आपोआप ओठांवर जातं. ते आता इतकं सवयीचं झालंय की जेवतानाही मधूनच जातं. मी मनातल्या मनात त्यांना बोटबाई म्हणते. (हेही चुकलंच.)

सुरुवातीला मी इथली सगळ्यांत गुणी मुलगी होते, आत्या. हे फुशारकी म्हणून सांगत नाही, पुढे किती उंचावरून पडले ते कळावं म्हणून सांगते. मी बाहुलं रोज धुऊन वाळवायची आणि त्याच्या चोचीला फडकं गुंडाळून ठेवायची. एकदा झग्यात असताना शिंक आली. ती मी इतकी आत ओढली की दिवसभर कान ठणकत राहिला. तरीही मनाला टोचणी लागली म्हणून संध्याकाळी बोटबाईंकडे जाऊन सांगितलं, की शिंक आली होती पण बाहेर पडली नाही. न आलेल्या शिंकेची कबुली त्यांना आजवर कुणी दिली नव्हती म्हणे. आणि तेवढ्यावरून त्यांनी ठरवलं की सगळ्यांत नाजूक पिल्लू हिच्या हाती द्यायचं.

ते म्हणजे पिवळ्या. पिल्लांना नावं द्यायची नाहीत, पायातल्या कड्याच्या रंगावरून ओळखायचं, असा नियम आहे. तेव्हा "पिवळा" इथपर्यंत नियमात बसतं, पुढचा "ळ्या" माझा. बाकीची पिल्लं बाहुल्याच्या चोचीतून मासा हिसकून घ्यायची. पिवळ्या मात्र मान वाकडी करून बघत राहायचा, मग चोच फिरवायचा आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहायचा. वजन काट्यावर उतरत चाललं होतं. पक्ष्यांचे डॉक्टर म्हणाले की असंच राहिलं तर नळी घालून भरवावं लागेल, आणि नळीवरची पिल्लं बहुतेक जिवानिशी जात नाहीत तेवढं खरं, पण रानातही जात नाहीत.

आता आपल्या घराचं सांगते, म्हणजे तुझंच तुला सांगते. मला शाळेत घालायच्या आधी तू मला स्वयंपाकघरात ओट्याशेजारी बसवून शिकवलंस. अक्षरं, पाढे आणि जेवण एकाच बैठकीत. एक अक्षर गिरवलं की एक घास. (मला अजूनही 'ठ' लिहिताना भूक लागते.) तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय की खाऊ घालणं हे हातापेक्षा तोंडाने करायचं काम आहे. आपल्याकडे कुणी कुणाला न बोलता वाढतं का? "घे ना", "एवढंसं तर आहे", "माझ्यासाठी एक" हे नसेल आणि ताटात मुकाट्याने काही पडलं, तर घरात भांडण झालंय असंच समजायचं. तू काकांवर रागावतेस तेव्हा आमटी कशी वाढतेस ते आठव. आणि मी त्या एवढ्याशा जिवाला रोज, दोन्ही वेळा, तशी वाढत होते. तो माझ्याकडे मान वाकडी करून बघायचा, ते मला सरळ सरळ "माझं काय चुकलं?" असं ऐकू यायचं.

मी पुष्कळ तग धरला. ओठ दातांखाली धरले. जाळीच्या आत रुमाल कोंबून पाहिला, तर श्वास कोंडून मीच पडायला आले. शेवटी एका सकाळी आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मी फक्त ओठ हलवून, वाऱ्याइतक्या आवाजात म्हटलं, "खा ना रे."

त्याने खाल्लं.

मी हादरलेच. तेव्हाच्या तेव्हा बोटबाईंकडे जायला हवं होतं, हे मला त्याच क्षणी कळत होतं. पण तेवढ्यात त्याने दुसऱ्यासाठी चोच उघडली. उघड्या तोंडाला पाठ दाखवून जायचं, हे तू मला शिकवलं नाहीस. (हा दोष तुझ्यावर ढकलत नाहीये. थोडासा ढकलते आहे. माफ कर.) दुसऱ्या दिवशी ठरवून गेले की आज एक शब्दही नाही. पिवळ्या ढिम्म. मग एकच शब्द बोलले. मग वाक्य झालं. मग, आत्या, मला सांगायलाही मेल्याहून मेल्यासारखं होतंय, पण तुझी अख्खी सरबत्ती झाली. "आऽ कर बघू. मोठ्ठा आ. शहाणं माझं बाळ. हा शेवटचा हं." (शेवटचा नव्हता. पक्ष्याशीसुद्धा खोटं बोलले.) "शेजारच्या निळ्याने बघ कसा चट्टामट्टा केला." (माझी शेजारच्या मुलीशी तुलना झाली की मी दिवसभर रुसायची, आणि मी तेच केलं.) पिवळ्या गोलमटोल झाला. पाय तर असे वाढले की थोड्याच आठवड्यांत तो माझ्या कमरेला लागला.

इथपर्यंत असतं तरी एक वेळ तोंड दाखवता आलं असतं. पण आठवड्याच्या बैठकीत डॉक्टरांनी पिवळ्याचं वजन सगळ्यांना वाचून दाखवलं आणि विचारलं, "हे जमवलंस तरी कसं?" सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तेव्हा सांगायचं होतं. पण मी म्हटलं, "धीर धरला." आणि टाळ्या पडल्या! टाळ्या वाजत असताना मी माझ्या बुटांकडे बघत होते, आणि सगळ्यांना वाटलं ही किती विनयशील आहे. डॉक्टर म्हणाले की ही रीत बाकीच्यांनीही शिकावी. दुसऱ्या दिवशी सगळे कुंपणाच्या फटींना डोळे लावून बसले, आणि मला आत जाऊन धीर धरून दाखवायचा होता. मी बाहुलं पुढे केलं. पिवळ्या माझ्या जाळीकडे बघत बसला, बोलायची वाट बघत. मी धीर धरला. त्याने माझ्यापेक्षा जास्त धरला. शेवटी तो पुढे आला आणि चोचीने माझ्या जाळीवर टकटक केलं, आत कोणी आहे का असं विचारल्यासारखं. बाहेर आल्यावर मी सांगितलं की त्याचं पोट भरलेलं असावं. यावरही त्यांनी विश्वास ठेवला. या लोकांचा चांगुलपणाच माझ्या मुळावर आला आहे.

पुढे पिल्लं उडायला लागली आणि परीक्षेचा दिवस आला. सोडायच्या आधी पक्षी माणसाला घाबरतो की नाही हे बघतात. झगा न घातलेला माणूस दलदलीच्या काठाने ओरडत चालत येतो आणि पक्ष्याने उडून जायचं असतं. जो उडत नाही त्याला सोडत नाहीत. तो मोठ्या पिंजऱ्यात जातो, कायमचा, आणि लोक तिकीट काढून त्याला बघायला येतात. इथे माणसं ठिकठिकाणची आहेत, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या भाषेत ओरडायचं. डॉक्टर इंग्रजीत ओरडले, पिवळ्या सगळ्यांच्या आधी उडाला. बोटबाई ओरडल्या (आम्ही त्यांचा चढा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि आम्हीही उडालोच असतो), पिवळ्या पुन्हा पहिला. खोलीतल्या माझ्या सोबतिणीने तिच्या भाषेत काहीतरी भयंकर म्हटलं, तरी तोच. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, सुटलो दोघंही, त्याला काही झालेलं नाही, आता हे कुणाला सांगायची गरजच नाही. तेवढ्या समाधानात मी एक पाऊल पुढे टाकलं. चिखलाने माझा बूट धरून ठेवला, मी मात्र पुढे गेले, आणि तोंडावर आपटता आपटता ओरडले, "आई गं! मेले!"

वर गेलेल्या थव्यातला एक पक्षी वळला.

तो सरळ खाली आला, आत्या. पंख मिटले, ते लांबलचक पाय टाकत माझ्याजवळ आला आणि चिखलात पालथ्या पडलेल्या माझ्या तोंडासमोर चोच उघडून उभा राहिला. मोठ्ठा आ केला त्याने, मी शिकवला होता तस्सा. माझ्या अंगावर झगा नव्हता, हातात बाहुलं नव्हतं, मी अगदी धडधडीत माणूस होते. आणि वर बघते तर अर्धा थवा त्याच्या मागोमाग उतरायच्या बेतात घिरट्या घालत होता.

बोटबाई आल्या. त्यांनी टाळ्या वाजवून त्याला हुसकलं, माझा हात धरून मला उठवलं आणि विचारलं, "काय म्हणालीस?" मी म्हटलं, पडले म्हणून ओरडले. त्या म्हणाल्या, "ते कळलं. कोणत्या भाषेत?"

मग मी सगळं सांगितलं, शिंकेपासून. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला पाण्याची बाटली दिली आणि हळूच म्हणाल्या, "आधी तोंड धू." त्या आवाजानेच मी जास्त रडले. डॉक्टरांनी मला सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "एवढ्या दलदलीत हिची भाषा बोलणारं आहे तरी कोण? ही एकटीच. ही घरी गेली की प्रश्न मिटला. सोडून देऊ त्याला." मला इतका धीर आला! पण बोटबाई आम्हाला भिंतीवरच्या मोठ्या नकाशापाशी घेऊन गेल्या आणि थंडीत हे पक्षी ज्या वाटेने जातात ती रेघ बोटाने दाखवत खाली खाली आल्या. बोट थांबलं ते आपल्याकडच्या तळ्यांवर. "इथे काठावर लोक काय बोलतात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तेच." तिथे धुणं धुणाऱ्या बायका असतील, गुरं पाजणारी माणसं असतील, पाटाचं पाणी सोडणारे असतील, आणि ते सगळे येता-जाता एकमेकांना हाका मारत असतील. कुणी पोराला "ये रे, खा रे" म्हणालं की हा खांद्याएवढा पक्षी आ करून पुढ्यात हजर. सगळ्या जगातल्या भाषांमधून मी त्याला नेमकी तीच शिकवली जी त्याला यायला नको होती.

आता त्याला मराठीची भीती घालायची आहे. हे काम मी करायचं ठरलं, कारण दुसरं कुणी नाही. कुंपणाआड लपून डबा बडवत रागाने ओरडायचं. मी प्रयत्न केला. तुला माझा राग माहीतच आहे. मी "चालता हो!" म्हटलं आणि मागोमाग आपोआप "प्लीज" आलं. "मूर्खा!" म्हटलं, तेही लाडात आल्यासारखं निघालं. पिवळ्या कुंपणाजवळ येऊन फटीतून चोच आत घालायला लागला. डॉक्टर म्हणाले, "हे रागावणं आहे की अंगाई?" बोटबाईंनी माझ्या हातातून डबा काढून घेतला. पक्षी थंडीआधी निघतील. त्याच्या आधी एकदा पुन्हा परीक्षा होईल, आणि तेव्हाही तो मराठी ऐकून जवळ आला तर पिंजरा. म्हणजे बाकीचे सगळे आभाळात जातील, आणि तो गजांपाशी मान वाकडी करून उभा राहील, कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून. माझं काय व्हायचं ते होवो. पण तो पोटभर जेवला एवढाच त्याचा गुन्हा आहे.

मी आता त्याच्या आसपासही जात नाही. अंडी उबवायच्या खोलीत फरशी पुसते, तीही तोंड मिटून. तू मला लहानपणापासून सांगत आलीस की चूक झाली की लगेच सांगावी. मी तशी लगेच सांगत नाही हे तुला या वयात कळावं, याचं फार वाईट वाटतं. काकांना माझा नमस्कार सांग, पण का ते सांगू नकोस. बाबांना एवढंच सांग की वाघ मजेत आहे. खूप लिहिलं, डोळ्यांना त्रास दिला, त्याबद्दलही क्षमा माग असं मन म्हणतंय, म्हणून मागते.

तुझी,
तोंड दाखवायला जागा न उरलेली भाची

ता. क. आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. बोटबाईंनी विचारलं, तुमच्या घरात नीट रागावता येणारं कुणी आहे का? माझ्या तोंडून तुझं नाव इतक्या पटकन निघालं की मी स्वतःच दचकले. आत्या, मला तुझं रागावणं फोनवर भरून पाठवशील का? आम्ही ते कुंपणाआड मोठ्या कर्ण्यावर लावू. नाटक मात्र करू नकोस, खरंच राग यायला हवा. म्हणून तर मी काही लपवलं नाही. ते "धीर धरला" प्रकरण सहज गाळता आलं असतं, पण तिथे तुझा पारा नक्की चढणार म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिलं. गच्चीत जाऊन भर, घरात कुकरची शिट्टी येते. पक्ष्यावर रागावू नकोस, त्याचा विचार केलास तर तू विरघळशील. माझ्यावर रागाव. "आ कर", "शहाणं बाळ", "खा ना" हे शब्द मात्र मध्ये मध्ये जोरात ओरड, त्याला तेच ओळखीचे आहेत. आपल्या फाटकासमोर जो रोज गाडी लावून जातो त्याच्यासाठी तू जो आवाज काढतेस, तो.

ता. क. २. बाबांना यात घेऊ नकोस. ते रागावले की इंग्रजी बोलतात, आणि इंग्रजीला पिवळ्या आधीच घाबरतो.

ता. क. ३. हे सांगायला संकोच वाटतो, पण सांगायलाच हवं. तू कितीही रागावलीस तरी शेवटी श्वास घेतेस आणि आवाज उतरवून विचारतेस, "बरं, जेवलीस का?" तुला ते कळतही नसेल. त्याच्या आधी फोन बंद कर. ते एक वाक्य त्याच्या कानावर पडलं तर तो कुठूनही परत येईल. आणि जमलं तर ते वाक्य नंतर वेगळं भरून पाठव. ते पक्ष्यासाठी नको आहे. मी खोलीचं दार लावून, अगदी हळू आवाजात ऐकेन.